बाळाचे नशीब सटवी लिहीत नाही

माता रमाई आणि बाबासाहेबांना पाच अपत्ये झाली. त्यांतले एकटे यशवंत मोठे झाले. गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न ही चौघे लहानपणीच गेली. राजरत्न गेला तो १९२६ साली. तेव्हा बाबासाहेब बॅरिस्टर होऊन विलायतेहून परतल्याला तीन वर्षे झाली होती. एवढ्या विद्वान माणसाच्या घरातही मृत्यू शिरला तो लेकरांच्या पाळण्यापर्यंत.

ही गोष्ट आपल्या घराघरांत माहीत आहे. रमाई जयंतीला वक्ते ती सांगतात, बायका डोळ्यांना पदर लावतात आणि कार्यक्रम पुढे सरकतो. आम्हाला या पानावर त्या गोष्टीला एक प्रश्न जोडायचा आहे. ही लेकरे नशिबाने गेली का? त्या काळी परळ-लालबागच्या चाळींत, खेड्यातल्या महारवाड्यांत आणि मांगवाड्यांत घरोघरी लेकरे जात होती. माडीवाल्यांच्या घरी त्या मानाने कमी जात होती. नशीब जर जात आणि वस्ती पाहून वागत असेल, तर त्याला नशीब म्हणायचे कशाला?

बाबासाहेबांनी त्याला नशीब म्हटले नाही. १९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात कामगार स्त्रियांना बाळंतपणाच्या काळात पगारी विश्रांती देणारे विधेयक आले, तेव्हा ते त्याच्या बाजूने उभे राहिले. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विसावा मिळणे हे देशाच्या हिताचे आहे, आणि त्याचा भार सरकारनेही उचलला पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती. घरातले दुःख त्यांनी कायद्याच्या भाषेत मांडले.

आता आपल्याकडे पाहू. मूल जन्मल्यावर पाचव्या रात्री सटवी येते आणि बाळाच्या कपाळी त्याचे नशीब लिहून जाते, अशी जुनी समजूत. पाटावर कोरा कागद, शेजारी लेखणी. धम्मदीक्षेनंतर आपण सटवीला घराबाहेर काढले. २२ प्रतिज्ञा घेतलेल्या घरात पाचवी पुजली जात नाही, हे चांगलेच झाले. पण सटवी गेली तरी ती पाचवी रात्र तिथेच आहे. लहान वयात दगावणाऱ्या बाळांपैकी सर्वांत जास्त बाळे जन्मानंतरच्या पहिल्या महिन्यात दगावतात, आणि त्यांतलीही बहुतेक पहिल्याच आठवड्यात. जुन्या बायांना भीती नेमकी कुठल्या दिवसांची आहे हे कळले होते, कारण माहीत नव्हते. आज कारणे माहीत आहेत. मग त्या पाचव्या रात्री आपल्या घरात कोण असते? कागद-लेखणी कोणाच्या हातात असते?

आम्ही म्हणतो, ती आपल्याच वस्तीतल्या एका बाईच्या हातात असली पाहिजे. हे आमचे मत नवे नाही. महाराष्ट्रातच ते पन्नास वर्षांपूर्वी सिद्ध झाले आहे.

मोहरी आणि कारण

किसा गोतमीची कथा आपण विहारात ऐकतो. मेलेले लेकरू कडेवर घेऊन ती औषध मागत फिरली. ज्या घरात कोणी मेले नाही त्या घरातून मोहरी आण, असे तथागतांनी तिला सांगितले. असे घर तिला मिळाले नाही आणि तिला समजले की मृत्यू अटळ आहे. पण जुलाबाने मूल जाणे अटळ आहे, असे तथागतांनी कुठे सांगितले? धम्म तर उलट सांगतो, की प्रत्येक गोष्टीला कारण असते आणि कारण दूर केले की परिणामही थांबतो. तेव्हा मूल दगावले की दुःखाबरोबर हेही विचारले पाहिजे, ते कशाने गेले?

२०१९ ते २१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशात दर हजार जन्मांमागे सुमारे ३५ बाळे वर्षाच्या आत दगावत असल्याचे दिसले. अनुसूचित जातींच्या घरांत हाच आकडा सुमारे ४० होता. दर हजारी पाच बाळांचा हा फरक सटवीने लिहिलेला नाही. तो गळक्या नळाने, अपुऱ्या जेवणाने, लांबच्या दवाखान्याने आणि उशिराने लिहिला आहे.

जामखेड: दलित वस्तीतून निघालेली आरोग्यसेविका

१९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य अहमदनगर जिल्ह्यातल्या जामखेडला आले. हा दुष्काळी भाग. तिथे दर हजार जन्मांमागे पावणेदोनशेच्या आसपास बाळे वर्षाच्या आत मरत होती. म्हणजे दर सहा बाळांत एक. जुलाब, न्यूमोनिया, धनुर्वात आणि या सगळ्यांखाली भूक.

सुरुवातीला त्यांनी शिकलेल्या नर्स गावोगाव पाठवून पाहिल्या. ते जमले नाही. परगावच्या नर्सला खेड्यात एकटीने राहणे अवघड होते आणि गावातल्या बायाही तिच्याशी मोकळेपणाने बोलत नव्हत्या. मग त्यांनी गावांना सांगितले, तुमच्यातलीच एक बाई द्या. निवडून आलेल्या बायांत बऱ्याच दलित होत्या आणि बऱ्याच जणींना लिहिता-वाचता येत नव्हते. काहींना नवऱ्याने टाकले होते. आठवड्याला त्या जामखेडला येत, एकत्र राहत, एकत्र जेवत, एकत्र शिकत. वेगवेगळ्या जातींच्या बायांनी एका पंगतीला बसायचे, ही त्या शिक्षणाची पहिली पायरी होती. शिकून परत गेल्या की गावात गरोदर बाया तपासायच्या, बाळांची वजने करायची, जुलाब लागलेल्या लेकराला मीठ-साखरेचे पाणी पाजायला आईला शिकवायचे.

ज्या बाईची सावलीही चालत नव्हती, तिच्या हातात पाटलाच्या घरातले बाळ द्यायचे, हे गावाला सहज पचले नाही. पण बाळे जगू लागली तशी दारे उघडली. गावात हातपंप बसवताना तो दलित वस्तीत बसावा, असा आरोळे दांपत्याचा आग्रह असे. पाणी हवे असेल तर सगळ्या गावाने त्या वस्तीत यायचे. बाळाच्या आरोग्याचे काम पाण्यापासून आणि जातीपासून वेगळे करता येत नाही, हे त्यांनी ओळखले होते. चवदार तळ्याचा वारसा सांगणाऱ्या आपल्या लोकांना ते वेगळे समजावून सांगायला नको.

नव्वदच्या दशकापर्यंत या गावांतला अर्भकमृत्यूचा आकडा हजारी तिसाच्या खाली आला. आरोळे दांपत्याला १९७९ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. जगभरचे डॉक्टर जामखेडला शिकायला येऊ लागले आणि त्यांना शिकवणाऱ्यांत या अंगठेबहाद्दर म्हटल्या गेलेल्या बायाही होत्या. बालआरोग्याचा कार्यक्रम चालवायला मोठी पदवीच लागते, हा समज इथे मोडला. डॉक्टर लागतो, दवाखानाही लागतो. पण बाळ आजारी पडते त्या रात्री घरात पोहोचते ती शेजारची बाई. म्हणून कार्यक्रमाचे पुढारपण तिच्याकडे असावे लागते.

गडचिरोली: मणी आणि वाळूचे घड्याळ

दुसरे उदाहरण गडचिरोलीचे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी तिथे 'सर्च' ही संस्था काढली. लहान मुले न्यूमोनियाने मोठ्या संख्येने जात होती. न्यूमोनिया ओळखायला दर वेळी एक्स-रे लागतोच असे नाही. बाळाचा श्वास एका मिनिटात किती वेळा होतो, हे मोजले तरी पुष्कळ कळते. पण गावातल्या सुईणींना साठपर्यंत मोजता येत नव्हते, घड्याळही नव्हते. मग मण्यांची एक चौकट आणि एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ असे साधन तयार झाले. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत ठरलेले मणी संपले, तर बाळाला न्यूमोनिया असण्याचा धोका. न शिकलेली सुईणही आता निदान करू लागली.

पुढे १९९५ पासून त्यांनी ३९ गावांत नवजात बाळांची घरीच काळजी घेण्याचे काम सुरू केले. पाचवी ते दहावी शिकलेल्या गावातल्या बाया घरोघर जाऊन बाळाचे वजन करत, ताप पाहत, ऊब देत, अंगावर पाजायला मदत करत, जंतुसंसर्ग दिसला तर औषध-इंजेक्शनही देत. आधी तिथे दर हजार जन्मांमागे सुमारे ६२ बाळे पहिल्याच महिन्यात जात. तीन वर्षांत तो आकडा २५ च्या आसपास आला. १९९९ साली हे काम 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आले आणि २०११ मध्ये केंद्र सरकारने हीच पद्धत आशाताईंमार्फत देशभर लागू केली.

श्वास मोजण्याचे ते ज्ञान आज आपल्या मोबाइलमधल्या घड्याळावर वापरता येते. बाळ शांत असताना, रडत किंवा पीत नसताना, पोट-छाती उघडी करून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा.

दोन महिन्यांपेक्षा लहान बाळ: ६० किंवा जास्त श्वास म्हणजे धोका.
दोन महिने ते एक वर्ष: ५० किंवा जास्त.
एक ते पाच वर्षे: ४० किंवा जास्त.

दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा आकडा जास्त आला तर पुन्हा एकदा मोजून खात्री करा. श्वास घेताना बरगड्यांखालची जागा आत ओढली जात असेल, बाळ कण्हत असेल, पीत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, तर मोजत बसू नका, तडक दवाखाना गाठा. छातीला तेल चोळणे, धुरी देणे, अंगारा लावणे यात गेलेला प्रत्येक तास बाळाच्या वाट्याचा असतो.

आशाताई कधी येते, काय पाहते

जामखेड आणि गडचिरोलीची ती बाई आज आपल्या वस्तीत आशाताईच्या रूपाने आहे. दवाखान्यात बाळंतपण झाले तर तिने बाळाला पाहायला तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी यायचे असते. घरी बाळंतपण झाले असेल तर पहिल्याच दिवसापासून. पुढे तीन, सहा, नऊ, बारा आणि पंधरा महिन्यांनाही तिच्या भेटी ठरलेल्या आहेत. सटवीच्या पाचव्या रात्रीच्या आधी एक भेट आणि नंतर एक भेट! हे दिवस कॅलेंडरवर खुणा करून ठेवा.

अडचण कुठे होते ती आम्हाला वस्त्यांत वारंवार दिसते. पहिले बाळंतपण माहेरी होते. सासरच्या आशाताईच्या वहीत नाव असते, पण पोर माहेरी. माहेरच्या आशाताईला पत्ताच नसतो. दोघींच्या मध्ये बाळ राहून जाते. त्यावर उपाय सोपा आहे. सातव्या महिन्यात माहेरी निघण्याआधी माता-बाल संरक्षण कार्ड सोबत घ्या आणि पोहोचल्यावर दुसऱ्याच दिवशी तिथल्या आशाताईला किंवा अंगणवाडीताईला नाव द्या. भाड्याने खोली बदलणाऱ्या, वीटभट्टी किंवा ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांनीही हेच करावे.

आशाताई आली की आजीने आणि सासूबाईंनी सोबत बसावे, कारण पहिल्या दिवसांत घरात शब्द चालतो तो त्यांचा. या गोष्टी सगळ्यांनी मिळून ऐकाव्यात:

बाळ जन्मल्यावर तासाभरात अंगावर घ्यावे. पहिले पिवळसर चिकाचे दूध फेकू नये, ती बाळाची पहिली लसच समजा. सहा महिने फक्त आईचे दूध. मध, गूळपाणी, घुटी, वरचे पाणी काही नाही.

पहिल्या दिवशी अंघोळ घालू नये, आणि बाळ कमी वजनाचे असेल तर आणखी थांबावे. नाळेला हळद, राख, तेल, पावडर काही लावू नये. ती कोरडी राहू द्यावी.

अडीच किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाला जास्त जपावे लागते. त्याला आईच्या उघड्या छातीशी कातडीला कातडी लावून, वरून पांघरूण घेऊन ठेवावे. याला कांगारू पद्धत म्हणतात. आई थकली की आजी किंवा बाबाही हे करू शकतात. वजन १८०० ग्रॅमपेक्षा कमी असेल तर नवजात शिशू अतिदक्षता कक्ष असलेल्या सरकारी रुग्णालयातच न्यावे.

बाळ पीत नाही, रडण्यात जोर नाही, अंग गार पडले किंवा तापले, झटके आले, नाळेतून पू येतो, तळहात-तळपाय पिवळे दिसतात, श्वास साठच्या वर गेला, यांतले एकही लक्षण दिसले तर सकाळची वाट पाहू नये.

जुलाब: मूठभर गुळाची शाळा

विनयपिटकात एक प्रसंग आहे. अतिसाराने आजारी पडलेला एक भिक्खू आपल्याच घाणीत पडून होता, कोणी त्याच्याकडे पाहत नव्हते. तथागतांनी आणि आनंदांनी स्वतः पाणी आणून त्याला धुतले, उचलून बिछान्यावर ठेवले. जुलाबाच्या रोग्याची सेवा करायला ज्यांना कमीपणा वाटला नाही, त्यांचे आपण अनुयायी आहोत.

जुलाबात मूल मरते ते शरीरातले पाणी आणि क्षार निघून गेल्याने. १९७१ साली बांगलादेशच्या युद्धात लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले आणि छावण्यांत पटकी पसरली. बनगाव इथे डॉ. दिलीप महालनबीस यांच्याकडे सलाइन संपत आले. त्यांनी साखर, मीठ आणि खाण्याचा सोडा पाण्यात मिसळून पिंपे भरली आणि रोग्यांच्या नातेवाइकांनाच पाजायला लावले. मृत्यूचे प्रमाण शेकडा तीसच्या आसपासवरून चारच्याही खाली आले.

पुढे स्वतंत्र बांगलादेशात 'ब्रॅक' या संस्थेने १९८० ते १९९० या दहा वर्षांत एक कोटीहून जास्त घरांत बाया पाठवल्या. तीन बोटांची चिमूटभर मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी, हे त्या प्रत्येक आईकडून समोर बसून करून घेत. शिकवणाऱ्या बाईचा मोबदला, आईला नंतर किती आठवते यावर ठरे. महिनाभराने दुसरे कोणी येऊन आईला विचारून जाई. पाठ करून सांगणे आणि समजणे यांतला फरक त्यांनी मोबदल्यालाच बांधला. आपल्याकडच्या शिबिरांनी हे शिकण्यासारखे आहे.

आज आपल्याकडे ओआरएसची पुडी आशाताई आणि अंगणवाडीत फुकट मिळते. मोठी पुडी एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात पूर्ण टाकावी. अर्धी पुडी अर्ध्या तांब्यात अंदाजाने टाकू नये. दोन वर्षांच्या आतल्या मुलाला दर जुलाबानंतर पाव ते अर्धा कप, मोठ्याला अर्धा ते एक कप. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा चमच्याने हळूहळू द्यावे. एका दिवसात संपले नाही तर उरलेले ओतून द्यावे. पुडी नसेल तर लिटरभर पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. दुकानातली गोड पेये ओआरएस म्हणून देऊ नयेत.

सोबत झिंकची गोळी १४ दिवस. दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला रोज १० मिलिग्रॅम, म्हणजे २० च्या गोळीची अर्धी, त्यापुढे पाच वर्षांपर्यंत रोज एक. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरी गोळ्या पूर्ण कराव्यात, कारण त्या पुढच्या आजारपणासाठीही उपयोगी असतात. दूध आणि जेवण बंद करू नये. डोळे खोल गेले, मूल पीत नाही, गुंगीत आहे, पोटाची चिमटी सोडल्यावर कातडी सावकाश सरळ होते किंवा शौचातून रक्त पडते, तर लगेच दवाखाना.

साडेअकरा सेंटिमीटर

न्यूमोनिया असो की जुलाब, उपाशी मुलाला तो आधी गाठतो. अंगणवाडीत रंगीत पट्टी असते. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाला ती लावतात. साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी भरले, की लाल. ते मूल तीव्र कुपोषित. साडेअकरा ते साडेबारा म्हणजे पिवळा, सावध राहायचा इशारा. लाल पट्टीचे मूल आजारी असेल किंवा जेवतच नसेल तर पोषण पुनर्वसन केंद्रात दाखल करावे लागते. रोजंदारीवर जाणाऱ्या आईला तिथे राहणे परवडत नाही, म्हणून अशा आयांना बुडीत मजुरीपोटी रक्कम देण्याची तरतूद आहे. ती विचारून घ्या, संकोच करू नका.

सहा महिन्यांनंतर वरचे खाणे सुरू करताना पातळ वरणाचे पाणी पुरत नाही. घट्ट वरण-भात, कुस्करलेली भाकरी, वर चमचाभर तेल. अंडे, मासे, सुकट, मटणाचे मऊ शिजवलेले तुकडे ज्या घरात खातात त्यांनी ते बाळालाही बारीक करून द्यावेत. "बाळाला पचायचे नाही" ही समजूत बाळाला उपाशी ठेवते.

हा उपकार नाही, हक्क आहे

जननी शिशू सुरक्षा कार्यक्रमानुसार सरकारी रुग्णालयात बाळंतपण, सिझेरियन, औषधे, तपासण्या, रक्त, जेवण आणि येण्या-जाण्याची गाडी मोफत आहे. आजारी बाळावरचे उपचारही वर्षाचे होईपर्यंत मोफत आहेत. गाडीसाठी १०२, तातडीला १०८. कोणी पैसे मागितले तर पावती मागा आणि रुग्णालयाच्या प्रमुखांकडे लेखी तक्रार द्या. पहिल्या बाळासाठी प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत ५,००० रुपये आणि दुसरी मुलगी झाली तर ६,००० रुपये आहेत. अनुसूचित जातीच्या मातांना जननी सुरक्षा योजनेचा लाभही मिळतो. जातीचा दाखला आणि बँक खाते सातव्या महिन्याच्या आधी तयार ठेवा.

शहरी वस्तीत पन्नास ते शंभर घरांमागे एक महिला आरोग्य समिती असायला हवी. तिला वर्षाला ५,००० रुपयांचा निधी मिळतो आणि तो कशावर खर्च करायचा हे समितीतल्या बायांनीच ठरवायचे असते. आपल्या वस्तीत ही समिती आहे का? तिची अध्यक्ष कोण? शेवटची बैठक कधी झाली? हे तीन प्रश्न विचारा. उत्तर मिळाले नाही, तर समजा की आपल्या नावाची खुर्ची रिकामी आहे. खेड्यात हेच काम ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीचे.

आणि नोंद. २००१ साली 'कोवळी पानगळ' या अहवालाने दाखवून दिले, की महाराष्ट्रातल्या बालमृत्यूंपैकी मोठा भाग सरकारी वहीत येतच नव्हता. जे मूल वहीत नाही ते सरकारच्या लेखी मेलेलेच नाही, आणि मग त्याच्यासाठी दवाखाना, नळ किंवा डॉक्टर मागायला पुरावाही उरत नाही. म्हणून जन्म झाला की नोंद करा, आणि दुर्दैवाने बाळ गेले तर तीही नोंद करा, कारणासह. दुःखाच्या घरात हे सांगणे जड जाते. पण एका बाळाची नोंद पुढच्या दहा बाळांच्या उपयोगी पडते.

आशाताईंचे आपण काय देणे लागतो

२०२२ च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या दहा लाखांहून अधिक आशाताईंचा जागतिक आरोग्य नेत्या म्हणून गौरव केला. नेत्या हा शब्द लक्षात घ्या. मात्र आपल्या सरकारी कागदांत त्या अजून स्वयंसेविका आहेत. एका नवजात बाळाच्या सर्व घरभेटी पूर्ण केल्या तर केंद्राच्या योजनेत त्यांना २५० रुपये ठरलेले आहेत. बेचाळीस दिवसांचे काम आणि एका बाळाचा जीव! पगार, विमा, पेन्शन यासाठी त्या मोर्चे काढतात तेव्हा तो मोर्चा आपलाही असतो, कारण त्यांतल्या कितीतरी जणी आपल्याच वस्त्यांतल्या, आपल्याच लेकी-सुना आहेत. दारात आलेल्या आशाताईला "नंतर या" म्हणू नका. तिला बसायला द्या, पाणी द्या, बाळाचे कार्ड काढून ठेवा.

या वर्षावासात

वर्षावास म्हणजे आपल्याकडे पावसाळा, आणि पावसाळा म्हणजे जुलाब-न्यूमोनियाचे दिवस. या तीन महिन्यांत विहारात संध्याकाळी ग्रंथवाचन होते, बाया-मुले जमतात. त्या वाचनानंतर आठवड्यातून एकदा पंधरा मिनिटे बाळांसाठी काढावीत, अशी आमची सर्व महिला मंडळांना विनंती आहे.

पहिल्या आठवड्यात आशाताईला बोलावून श्वास मोजायला शिका. दुसऱ्या आठवड्यात प्रत्येक घरातल्या एकीने सर्वांसमोर ओआरएस करून दाखवावे. तिसऱ्या आठवड्यात अंगणवाडीताईला दंडाची पट्टी घेऊन बोलवा. चौथ्या आठवड्यात एक वही घाला. त्यात वस्तीतल्या सर्व गरोदर बाया, त्यांच्या अंदाजे तारखा, माहेरचा पत्ता, आणि वर्षाच्या आतल्या प्रत्येक बाळाचे नाव, वजन, लसी. जिला अक्षर चांगले येते अशा दहावी-बारावीच्या मुलीकडे ती वही द्या. दर पौर्णिमेला वंदनेनंतर ती वही उघडा आणि कोणत्या बाळाची भेट किंवा लस राहिली आहे ते वाचून दाखवा.

सटवीसाठी ठेवलेला कागद सकाळीही कोराच असायचा. या वहीचा कागद कोरा राहू देऊ नका.

जय भीम.